मत मागताना देव घरी ठेवावा का?

पार्लेपूर्व: 1987 ला आमच्या विलेपार्ल्यात पोटनिवडणूक झाली. शिवसेनेच्या पाठिंब्यावर डॉ. रमेश प्रभू निवडून आले. धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून 1989 मध्ये उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली आणि 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. प्रचारात भाषणं केलेल्या बाळासाहेब ठाकरेंचा मतदानाचा हक्क सहा वर्षं गेला. माझ्या मते धर्माच्या नावावर मत मागायला बंदी घालणारं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123(3) योग्यच आहे, उलट आणखी कडक करा. मत मागताना देव घरी ठेवून या.

काळाकोट: ते कलम कडक झालंय की! त्यात 'त्याचा धर्म' असे शब्द आहेत. त्याचा म्हणजे फक्त उमेदवाराचा की मतदाराचाही, यावर 2017 मध्ये सात न्यायमूर्ती बसले. 4 विरुद्ध 3 असा निकाल लागला: मतदाराचाही. जात आणि भाषाही त्यातच, म्हणजे 'मराठी माणसा, मला मत दे' हेही अडचणीचंच. मला मात्र न्या. चंद्रचूडांसह विरोधात गेलेल्या त्या तिघांचं पटतं. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला 1956 नंतर 1990 उजाडलं. ती मागणी धर्माचं नाव न घेता प्रचारात कशी मांडायची?

पार्लेपूर्व: गफलत करताय. 'बौद्धांवर अन्याय झाला, तो दूर करीन' हे कुणाही धर्माचा उमेदवार म्हणू शकतो. 'मी तुमच्यातला, म्हणून मला द्या' हे वेगळं.

काळाकोट: कागदावर वेगळं. प्रचारसभेत एकाच वाक्यात दोन्ही येतं.

चहा_कटिंग: तुम्ही दोघं कलमावर भांडताय, मी तारखा बघतोय. पार्ल्याचा अंतिम निकाल आला तोवर ती विधानसभाच इतिहासजमा झाली होती. 2017 चा खटला सांताक्रूझच्या 1990 च्या निवडणुकीचा, म्हणजे 27 वर्षं! आणि 1995 मध्ये त्याच दिवशी, त्याच न्यायालयाने मनोहर जोशींची निवडणूक वाचवली. 'पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल' हे त्यांचं भाषणातलं वाक्य म्हणे नुसती आशा. एवढ्या फटीतून अख्खी मिरवणूक जाते.

पार्लेपूर्व: उशिराचं मान्य. पण निकाल वेळेत लावा म्हणा ना, कलम कशाला मोडीत काढता?

काळाकोट: मोडीत काढा कोण म्हणालं? 'त्याचा' म्हणजे उमेदवाराचाच, एवढंच.

चहा_कटिंग: आमच्या मंडळाच्या कमानीवर एका इच्छुकाचा फोटो गणपतीपेक्षा मोठा आहे. अजून निवडणूकही लागलेली नाही. याला कुठलं कलम लावता, बोला.