जपानी लोकांनी केलेलं कार्टून रामायण: मोठेपणी परत बघितलंय काय कोणी? पोरांना दाखवू काय?

टिळकवाडीची आई

नमस्कार मंडळी. लहानपणी टीव्हीवर लागायचा तो ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ आठवतोय काय? जानेवारी २०२५ मध्ये थिएटरला परत आला तेव्हा आमच्या घरात लग्नकार्य होतं, जाणं जमलं नाही. आता सुट्टीत घरीच लावावा असं मनात आहे.

अडचण अशी की मुलगी ७ वर्षांची आणि जरा भित्री, मुलगा ११ चा, त्याला सगळं भराभर पाहिजे, आणि सोबत बसणार सासूबाई, त्यांचं रामायण म्हणजे देवळातलं रामविजय आणि रेडिओवरचं गीतरामायण. आम्ही बेळगावचे, पोरं शाळेत इंग्लिश, गल्लीत कन्नड, घरात मराठी. पिक्चर परत आला तो इंग्लिश, हिंदी, तमिळ, तेलुगूत, म्हणजे आमची मराठी आणि कन्नड दोन्ही राहिल्याच की ओ. मला लहानपणचं नुसतं जंगल आणि हनुमान आठवतोय. मोठेपणी बघताना तो तेवढाच चांगला वाटतो काय, युद्ध लहान पोरीला झेपेल काय आणि कुठल्या भाषेत लावू, हे जरा सांगा.

रंगपेटी (खानापूर)

ताई, नक्की दाखवा. मी शाळेत चित्रकला शिकवतो, हा पिक्चर मी परत परत बघितलाय आणि प्रत्येक वेळी मला त्याच्यात काहीतरी नवीन मिळालंय, म्हणून जरा लांब लिहितो.

युगो साको म्हणून जपानी दिग्दर्शक, ते १९८३ मध्ये आपल्याकडं उत्खननावरची डॉक्युमेंटरी करायला आले होते, पुरातत्त्वाचे बी. बी. लाल तेव्हा रामायणाशी जोडलेल्या जागा खणत होते, तिथं साकोंना ही कथा लागली आणि मग सोडवेना. त्यांनी रामायणाची जपानी भाषांतरं वाचून काढली. सोबत घेतलं राम मोहन यांना, ज्यांना भारतीय अॅनिमेशनचे जनक म्हणतात, सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनपासूनचा माणूस. कोइची सासाकी तिसरे दिग्दर्शक. काम झालं जपानमध्ये, कारण इकडं देवांचं कार्टून कसं करता, परदेशी लोक रामायणाला हात कसा लावतात असा विरोध झाला, सरकारनंही भागीदारी केली नाही, आणि अयोध्येच्या वादानं वातावरण तापलेलं. पिक्चर १९९२ चा, १९९३ ला दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला, पण थिएटरला नीट पोचलाच नाही. आपल्या पिढीला तो टीव्हीनं दिला.

आता चित्रांबद्दल. साडेचारशेच्या आसपास कलाकार आणि एक लाखाच्या घरात हातानं काढलेली सेल, म्हणजे पारदर्शक शीटवर पात्र रंगवायचं, खाली पार्श्वभूमीचं वेगळं चित्र ठेवायचं, एक फोटो काढायचा, शीट बदलायची, परत फोटो. धोतर नेसलेला माणूस चालताना निऱ्या कशा हलतात, नमस्कार करताना मान किती वाकते, हे जपानी चित्रकाराला कुठून कळणार, ते इथल्या लोकांनी शेजारी बसून दाखवलंय आणि ते पडद्यावर दिसतं. मुलाला सांगा की जंगलात प्रकाश कुठून येतोय ते बघ, पाण्यावर आकाशाचा रंग कसा पडलाय ते बघ. भराभर बघायची सवय असलेली माझी वर्गातली पोरंसुद्धा असं काही शोधायला दिलं की गप्प बसून बघतात. आणि रामाचा चेहरा! डोळे थोडे जपानी धाटणीचे आहेत, हे काही जणांना खटकतं, मला अजिबात नाही. आपल्याकडच्या कॅलेंडरवरचा राम सदा हसरा असतो, इथला राम दमतो, विचारात पडतो, लढाईत त्याच्या चेहऱ्यावर दुःख दिसतं. मला ह्या पिक्चरमधली सगळ्यात मोठी गोष्ट तीच वाटते.

निपाणीकर

वरच्या सरांशी चित्रांबाबत शंभर टक्के सहमत, पण एक सांगतो, कथेचा तोल मला तितका पटत नाही. सव्वादोन तासांचा पिक्चर आहे आणि अयोध्येचा भाग फार पटकन उरकलाय. कैकेयी, दशरथ, भरत ह्या माणसांसाठीच तर आपण रामायण ऐकतो. भरताची भेट मराठी माणसाला किती जवळची, गीतरामायणात ‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ रामाच्या तोंडी येतं ते भरताची समजूत घालतानाच. ते वजन इथं नाही, आणि लंकेची लढाई मात्र चालूच राहते. सासूबाईंना हे जाणवेल, तेव्हा तेवढा भाग त्यांनीच पोरांना आधी सांगितला तर उत्तम.

भीतीचं म्हणाल तर सुरुवातीलाच त्राटिका येते, ती अंधारी आहे, तिथं मुलीला जवळ घेऊन बसा. जटायूच्या वेळी रडू येईल, येऊ दे. पुढं कुंभकर्ण डोंगराएवढा दिसतो आणि इंद्रजिताची मायावी लढाई, हे दोन्ही जड आहेत. माझं मत, एका बसणीत संपवू नका, लंका पेटली की थांबा आणि युद्ध दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात बघा. पण युद्ध कापू नका हां. वाल्मीकींचा राम रावण पडल्यावर बिभीषणाला म्हणतो, ‘मरणान्तानि वैराणि’, मेल्यावर वैर संपलं, आता त्याचे संस्कार कर. हल्ली पोरं मोबाइलवर ज्या मारामाऱ्या बघतात त्यात मेलेल्याकडं कोणी वळून बघत नाही. एवढा एक विचार पोरांच्या कानावर पडायचा तर अख्खी लढाई त्यांनी बघायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

रामदुर्गची सून

भाषेचं मी सांगते. दोनदा लावा, दोन भाषांत. पोरांसाठी मूळ इंग्लिश, कारण त्यात गाणी संस्कृतमध्ये ठेवलीत, वसंत देव यांनी लिहिलेली, तेच वसंत देव ज्यांनी आपली मराठी नाटकं हिंदीत नेली, आणि संगीत वनराज भाटियांचं. संवाद इंग्लिश आणि गाणं संस्कृत हे ऐकायला विचित्र वाटेल पण पडद्यावर फार शोभतं, आणि संस्कृत गाणं घरातल्या प्रत्येकाला थोडं थोडं कळतं, मराठीवाल्याला आणि कन्नडवाल्यालाही. सासूबाईंसाठी हिंदी, पण मिळालं तर जुनं. जुन्यात रामाला अरुण गोविल, रावणाला अमरीश पुरी, निवेदन शत्रुघ्न सिन्हा. २०२५ साठी हिंदी नवीन केलंय, आवाज वेगळे आहेत, वाईट नाही, पण अमरीश पुरींचा रावण एकदा ऐकला की दुसरा कानाला बसत नाही.

दुसरं म्हणजे, आपल्या जिल्ह्यात राहून पोरांना हे रामायण लांबच्या देशातलं वाटायला नको. रामदुर्गच्या पुढं सुरेबानजवळ शबरी कोळ्ळ आहे, शबरीनं रामाची वाट बघितली ती जागा म्हणून लोक मानतात, झरा आहे, देऊळ आहे. माझं लग्न होऊन इकडं आले तेव्हा सासऱ्यांनी पहिल्यांदा नेलं ते तिथंच, आणि शबरीची सगळी गोष्ट कन्नडमधून सांगितली, मला निम्मी कळली तरी डोळे भरून आले. आणखी वेळ असेल तर हंपीपलीकडं आनेगुंदी, लोक त्यालाच किष्किंधा म्हणतात, अंजनाद्रीच्या पाचशेच्या वर पायऱ्या चढून गेलं की खाली तुंगभद्रा आणि नुसते दगडांचे ढीग. वाली-सुग्रीवाचा भाग बघून झाल्यावर पोरांना तिथं उभं करा.

टिळकवाडीची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, भरताचं मीच सांगणार म्हणाल्या, आज रात्रीपासून चालू. निपाणीकर दादा, लंका पेटल्यावर थांबायचं पटलं. सर, मुलगा विचारतोय की तशी पारदर्शक शीट इथं मिळते काय, त्याला करून बघायचंय.

रंगपेटी (खानापूर)

मिळते की. स्टेशनरीच्या दुकानात जुन्या प्रोजेक्टरची ओएचपी शीट मागा. मागच्या बाजूनं अॅक्रिलिक रंग आणि पुढच्या बाजूनं मार्करनं रेघ, म्हणजे रंगानं रेघ पुसत नाही. सुरुवातीला हनुमानाची नुसती शेपटी हलवायला सांगा, अंग एका शीटवर तसंच ठेवायचं, शेपटीच्या आठ-दहा वेगळ्या शीट, मोबाइल स्टँडला लावून एकेक फोटो. अडलं तर इथंच विचारू दे त्याला.