जुनापाणीची शिळावर्तुळं म्हणे वेधशाळा!

मुरूमखडी: नागपूरजवळ काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीचा फोटो लावून 'प्राचीन वेधशाळा, दगड उगवत्या सूर्यावर रोखलेले' अशी पोस्ट फिरतेय. ही तर प्राचीन थडगी, भोवती दगडांचं वर्तुळ रचलेली. वर्तुळात २० दगड धरा. जोड्या होतात १९०, रेषेला दिशा सगळ्या मिळून १८० अंश, म्हणजे सरासरी अंशाला एक जोडी. सूर्य सोडा, पाण्याच्या टाकीवर रोखलेली जोडीही सापडेल! त्यात काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, दगड कलंडतात. अंश मोजणार कशावर?

ध्रुवमत्स्य: जोड्या कोण मोजतंय? मोजायचे ते दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे. ते ठरावीक दगडांवरच आहेत, बरेचसे ओळीत. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९व्या शतकातच ते नोंदवलेत. नुसतं मेलेल्याला पुरायचं होतं, तर बेसाल्ट ठोकत बसायची हौस कुणाला? नागपुरातून सूर्योदय पूर्वेच्या दोन्ही बाजूंना २५ अंश सरकतो, हे त्यांना दिसत नव्हतं का?

मुरूमखडी: दिसत असणारच. म्हणून थडग्याची वेधशाळा होत नाही. आत निघतं काय? मुरूम-गोट्यांचा भराव, काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी. नागपूरजवळच्याच माहुरझरीच्या वर्तुळात तर पुरलेला घोडा, तांब्याच्या दागिन्यांसकट. वेध घ्यायला घोडा कशाला?

धुऱ्यावरचा: काहून भांडता? वर्तुळ उरलं पायजे ना पयले! धनाच्या नादानं लोक मधातच खड्डा मारते. भराव अन् खालची माती एक झाली, का थर गेला. पावसात कडंचे दगड आत ढासळते, मंग व्यासही कळत नाही. नीट खोदाचं तं चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन आधी, मधात न खोदलेला बांध राखा. बांधाच्या उभ्या कापावरच भराव वाचता येते.

ध्रुवमत्स्य: खड्डेवाल्यांचं सांगता, आणि दगड उपटून शेताची हद्द घालणारे?

धुऱ्यावरचा: शेतकऱ्याच्या वाटेले नका जाऊ! नांगर अडकते म्हणून तो दगड धुऱ्यावर सारते. मुरूम ट्रक नेते, रस्त्याच्या भरावाले. त्याइले विचारा की!

मुरूमखडी: ट्रकचं खरं आहे. आणि ध्रुवमत्स्य, खळगे मुद्दाम कोरलेत, हे मान्य. घ्या, वेधशाळेची एक पायरी चढलो. पुढच्या पायऱ्या तुम्ही बांधा.

ध्रुवमत्स्य: उपकार झाले. घोडा तुमच्याकडेच ठेवा.

धुऱ्यावरचा: झालं समाधान? आता कामाचं आयका. खळग्याचा दगड हलवाच्या आधी बाजूले मोजपट्टी ठेवा, खडूनं उत्तर दिशा दाखवा, वरून अन् चारी बाजूनं फोटो काढा. खळगे सकाळच्या तिरप्या उन्हात दिसते, दुपारी सपाट. धुऱ्यावर गेल्यावर दगडाचं तोंड कोनीकडं होतं, हे तुमची वेधशाळाही सांगणार नाही.