कारवानला पेपर हवेत की पाय?

माळावरचा (धागाकर्ता)

आमच्याकडे जतच्या बाजूला तीन पिढ्या कारवान जातीची शिकारी कुत्री आहेत. आजोबांनी वंशावळ कधी कागदावर लिहिली नाही, तोंडपाठ होती. गेल्या महिन्यात पुण्याचे पाहुणे पिल्लू बघायला आले. पहिला प्रश्न, "पेपर (वंशावळीची नोंद) आहेत का?" आईची छाती बघितली नाही, बापाला पळवून बघितलं नाही.

माझं मत रोखठोक आहे: कारवानची नोंदवही बंद केलीत, म्हणजे नोंदलेल्या आईबापांचीच पिल्लं त्यात घ्यायची ठरवलीत, की जात संपलीच म्हणून समजा. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांना नाव मिळवून दिलं, पण राखली ती धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी. जे पळालं, जे दुष्काळात भाकरी-ताकावर तगलं, त्याची पिल्लं ठेवायची. रंग कुठला, कान केवढा, कोण विचारतंय! म्हणून तर गुळगुळीत अंगाचा कारवान आणि कानाशेपटीला रेशमी केसांचा पश्मी एकाच वस्तीवर नांदतात.

बंद वहीचं काय होतं ते डालमेशियनवाल्यांना (ती ठिपक्यांची कुत्री) विचारा. त्या जातीत लघवीत युरिक अॅसिड फार, त्यातून खडे. १९७३ मध्ये अमेरिकेत एका संशोधकाने पॉइंटर या दुसऱ्या जातीशी एकच संकर केला आणि पुढच्या पिढ्या परत डालमेशियनशीच लावल्या. ठिपके तसेच राहिले, दोष मात्र काढता आला. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने (कुत्र्यांच्या जाती नोंदवणारी संस्था) अशा दोन कुत्र्यांची नोंद केली, तर जातीच्या क्लबनेच ओरड केली आणि दार बंद झालं. ते उघडलं २०११ मध्ये. तीस वर्षं अडवलं कशासाठी, तर 'शुद्ध रक्त'.

दोन_कारवान

दादा, भाषण झकास. आता माझं ऐका. माझं पहिलं 'कारवान' असंच तोंडी वंशावळीवर घेतलं होतं. विकणारा छातीठोकपणे सांगत होता, बाप अमक्याचा, आजा तमक्याचा. वर्षभरात अंग असं भरलं की डॉक्टर म्हणाले, "ताई, यात ग्रेहाउंड (शर्यतीची विलायती जात) आहे." जीव लावला होता, परत कुठे देणार? बारा वर्षं सांभाळलं. पण फसवणूक ती फसवणूकच.

आणि धावण्याची निवड म्हणताय ती आता कुठे उरलीय? ही कुत्री सशामागे पळून घडली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. मग राहिल्या शर्यती. तिथे चार ढांगा जास्त पडाव्यात म्हणून ग्रेहाउंडचं रक्त घालायचा मोह कुणाला होत नाही? तुमची वही उघडी ठेवा, दहा वर्षांत कारवान शोधून दाखवा.

झोपाळू

आमचं गावठी बघा. ना वही, ना क्लब, ना शिकार. सोफ्यावर निवड झाली.

वाकडी_शेपूट

पेपर पेपर करताय, पण कुठला? केनेल क्लब ऑफ इंडिया याला कारवान हाउंड म्हणतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. २००५ च्या टपाल तिकिटावर मुधोळ. देशी जाती नोंदवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोतही मुधोळ हाउंड, राज्य कर्नाटक. सांगली-सोलापूरच्या माळावरचं तेच कुत्रं या नोंदीत कुठेच नाही! (यावर आपल्याकडे कुणी मोर्चा काढत नाही हे नवलच.)

तरी मी ताईंच्या बाजूने. मार्च २०२४ मध्ये केंद्राने आक्रमक मानलेल्या २३ जातींवर बंदीचं पत्रक काढलं, त्यात त्यांचे संकरही होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द केलं म्हणून वाचलो. उद्या पुन्हा तसं आलं, तर आपलं कुत्रं संकर नाही हे कशाने दाखवणार? आजोबांच्या पाठांतराने?

माळावरचा

वाकडी शेपूट, हा मुद्दा लागला. नोंद नकोच असं मी म्हणत नाही. चिप बसवा, आईबाप लिहा. २०१७ चे कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम मलाही मान्य: दीड वर्षाच्या आत कुत्री लावायची नाही, जन्मभरात पाचाच्या वर वेतं नाहीत, आठ आठवड्यांआधी पिल्लू आईपासून तोडायचं नाही. माझं भांडण दाराशी आहे. वस्तीवरचं बिनपेपरचं चांगलं जनावर जाणत्या माणसांनी पारखून वहीत घेता आलं पाहिजे. नाहीतर त्याच चार नामांकित नरांची पिल्लं एकमेकांना लावत बसाल.

दोन_कारवान

पारखणारे जाणते कोण? पिल्लं विकणारेच ना? डीएनए तपासणी ठेवा, मग दार उघडायला माझी हरकत नाही.

माळावरचा

तपासणीला कारवानचा नमुना म्हणून आधी कुणाचं रक्त धरणार, ताई? शोमधल्या कुत्र्यांचं धरलंत तर माझी सगळीच नापास.

दोन_कारवान

तुमचंच धरू. तीन पिढ्या म्हणालात ना? मग सांगा, आत्ताच्या वेतातल्या नराची आजी कुठून आणलेली?

माळावरचा

... ती विजापूरच्या बाजारातून. आजोबा सांगायचे, चांगली पळायची.