ब्राह्मीआधी बी१२ तपासा

आईंना विसरायला होतं असं तुम्ही लिहिलंत, त्यावर कुणीतरी दिलेला 'आईंना तीन महिने ब्राह्मीचा रस द्या, विसरणं थांबेल' हा सल्ला प्रेमाचा आहे, पण अर्धवट आहे. आधी ब्राह्मी कोणती? ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात जुडी घेताना पान निरखून बघा. गोल, कातरी कडेचं, लांब देठाचं पान म्हणजे मंडूकपर्णी. ज्या ब्राह्मीवर स्मरणशक्तीच्या चाचण्या झाल्या तिची पानं बारीक, जाडसर, बिनदेठाची, समोरासमोर असतात. आणि त्या चाचण्यांत बहुधा रोज ३०० मिग्रॅ प्रमाणित अर्क १२ आठवडे दिला होता, तोही बराचसा निरोगी माणसांना. घरच्या रसाशी त्याचा हिशोब लागत नाही.

खरा मुद्दा मेटफॉर्मिनचा, म्हणजे मधुमेहाच्या गोळीचा. आई बरीच वर्षं ती गोळी घेतायत आणि शाकाहारी आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. दोन्हींमुळे बी१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं, आणि त्याने विसरायला होऊ शकतं. रक्त आधी तपासायला द्या, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या नंतर. उलट केलंत तर आकडा फुगलेला येतो आणि कमतरता लपते. आकडा मिलिलिटरमागे २०० ते ३०० पिकोग्रॅमच्या मध्ये आला तर होमोसिस्टीनची (बी१२ कमी असलं की रक्तात वाढणारा घटक) तपासणीही करा. नुसतं फॉलिक ॲसिड देऊ नका, हिमोग्लोबिन सुधारतं पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. ॲस्पिरिन किंवा वॉरफॅरिन (रक्त पातळ ठेवणारी औषधं) चालू असेल तर गिंको (स्मरणशक्तीसाठी विकलं जाणारं वनस्पतीचं औषध) डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, रक्तस्रावाचा धोका असतो.