सल्ला हवा: इंग्रजीचे वरच्या पातळीचे शब्द पाठ होतात, पण वापरता येत नाहीत (नागपूर)

हिरवी_वही
नमस्कार. बी.एस्सी. दुसरं वर्ष, नागपूर. बारावीपर्यंत सेमी-इंग्रजी. अभ्यासक्रमाची पुस्तकं समजतात, पण वर्तमानपत्रातला अग्रलेख, शोधनिबंध किंवा जीआरईचा (परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) उतारा आला की दर दोन ओळींनी अडते. सध्या मोबाइलवरच्या एका यादीतून रोज ३० शब्द मराठी अर्थासह पाठ करून राहिली आहे. आठवडाभरात निम्मे उडून जातात, आणि उरतात ते वाक्यात बसत नाहीत. रोज पाऊण तास काढू शकते, क्लास लावायचा नाही. विचारायचं असं: आधी कोणते शब्द घ्यायचे? वही बरी, कार्डं बरी की अ‍ॅप? आणि पाठ झालेला शब्द लिहिण्यात कसा आणायचा?

बर्डीचा_वाचक
ताई, आधी ३० चे ८ करा. नवा शब्द एकदा पाहून संपत नाही. तो दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने, पंधरवड्याने परत यावाच लागतो. रोज ३० नवे घेतले की तिसऱ्या आठवड्यापर्यंत उजळणीचाच डोंगर होतो, मग माणूस उजळणी सोडतो आणि नुसते नवे शब्द घेत राहतो. तुमचे निम्मे शब्द उडतात त्याचं कारण तिथेच आहे. स्मरणशक्तीला दोष देऊ नका.

कोणते शब्द, हे ठरवण्याआधी मोजमाप करा. ज्या प्रकारचा मजकूर वाचायचा आहे त्यातला १०० शब्दांचा तुकडा घ्या आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने ठिपका द्या. दोन ठिपके आले तर तो मजकूर तुमच्या पातळीचा. पाचाच्या वर गेले तर सध्या तो सोडा, कारण एवढे शब्द अडल्यावर संदर्भावरून अर्थ लावणं जमत नाही, नुसतं कोश उघडणं होतं. शब्दसंग्रहावर काम केलेले पॉल नेशन कोशाशिवाय नीट वाचता यायला ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत असं धरतात. दोन ठिपके म्हणजे तेच.

विज्ञानशाखेला पहिली यादी एकच: अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची ‘अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट’, सन २०००. ५७० शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कुटुंब), दहा भाग, सर्वांत जास्त येणारे शब्द पहिल्या भागात. अभ्यासाच्या मजकुरातला साधारण दहावा हिस्सा या शब्दांनी व्यापलेला असतो. अझ्यूम, डिराइव्ह, इंडिकेट, कॉन्स्टिट्यूट असे हे शब्द. दिसायला सोपे, म्हणून मुलं यांना ओलांडून थेट अवघड यादीवर जातात, आणि शोधनिबंध याच शब्दांवर अडतो. रोज ८, आठवड्याचे सहा दिवस, असे बारा आठवडे. ओळखीचे आधीच गाळले तर त्याहून कमी.

वाचायला ‘द हितवाद’ घ्या. १९११ मध्ये नागपुरात सुरू झालेलं इंग्रजी वर्तमानपत्र आहे, शहराच्या बातम्यांचा संदर्भ तुम्हाला आधीच ठाऊक असतो, त्यामुळे अर्धा अर्थ आपोआप लागतो. सकाळी तीच बातमी मराठी पेपरात वाचा, मग इंग्रजीत. पहिलं वाचन कोशाशिवाय. दुसऱ्या वाचनात फक्त पाच शब्द निवडा, आणि निवडताना एकच कसोटी लावा: हा शब्द मागच्या पंधरा दिवसांत दुसरीकडे कुठे भेटला का? भेटला असेल तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

कार्डांचा_डबा
वही की कार्डं, यावर माझं मत पक्कं आहे: वही नको. वहीत शब्द आणि अर्थ एकाच नजरेत दिसतात. डोळे फिरतात, सगळं येतंय असं वाटतं, पण मेंदूला काही आठवावं लागत नाही. आठवायचा प्रयत्न हाच अभ्यास आहे. शिवाय वहीत जमलेले आणि न जमलेले शब्द शेजारीशेजारी बसतात, दोघांना सारखाच वेळ जातो.

कागदावर करायचं तर: ए-फोर आकाराच्या जाड कागदाचे आठ तुकडे, प्रत्येक साधारण ७४ × १०५ मिलिमीटर. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे. पहिला रोज, दुसरा दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठ, पाचवा सोळा. आठवलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, विसरलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. ही सेबास्टियन लाइटनर यांची १९७० च्या दशकातली पद्धत. आजची अ‍ॅपही त्याच तत्त्वावर चालतात.

फोनवर करायचं तर अँकी हे कार्डांचं अ‍ॅप. अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. मूळ सेटिंगमध्ये रोज २० नवी कार्डं असतात, ती ८ वर आणा. उजळणी नव्या कार्डांच्या सात ते दहापट धरून चाला, म्हणजे ८ ला रोज साठ ते ऐंशी, पंधरा मिनिटांचं काम. सर्वांत जास्त चूक बटणांत होते. शब्द आठवला नाही आणि ‘हार्ड’ दाबलं, तर अ‍ॅप समजतं की आठवला, फक्त कष्टाने, आणि कार्ड लांब ढकलतं. विसरला म्हणजे ‘अगेन’. दुसरं बटण नाही.

आता कार्ड कसं असावं, ते एका शब्दावर दाखवतो. (कार्डावर रोमन लिपीतच लिहायचं, इथे देवनागरीत लिहितोय.) शब्द ‘मिटिगेट’.

पुढची बाजू: ‘ट्रीज अलाँग द रोड कॅन एम_____ द इफेक्ट्स ऑफ एक्स्ट्रीम हीट.’ पहिलं अक्षर दिलंच पाहिजे, नाहीतर ‘रिड्यूस’ हेही बरोबर ठरतं आणि कार्ड निकामी होतं.

मागची बाजू: मिटिगेट. जोर पहिल्या अवयवावर (सिलेबलवर). सकर्मक. सोबत येणारे शब्द: रिस्क, इम्पॅक्ट, इफेक्ट, डॅमेज. मराठी: झळ कमी करणे, तीव्रता घटवणे (संकट नाहीसं करणे नव्हे). सर्वांत खाली लाल शाईत: ‘मिटिगेट अगेन्स्ट’ चूक. ती जागा ‘मिलिटेट अगेन्स्ट’ची, आणि तिचा अर्थ आड येणे.

एका कार्डाला तीनचार मिनिटं लागतात. लागू द्या. दुसऱ्याने बनवलेली पाच हजार कार्डांची तयार चवड उतरवून घेऊ नका. त्यातल्या वाक्यांशी तुमचा काही संबंध नसतो, म्हणून ती टिकत नाहीत.

धातुपाठ
मराठी माणसाकडे या कामात एक घरचं भांडवल आहे आणि क्लासवाले ते फारसं काढत नाहीत. संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक यांचं नातं विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात मांडलं. त्याचा रोजच्या पाठांतरात थेट उपयोग होतो.

जन् हा धातू घ्या. लॅटिनमध्ये त्याचं रूप ‘जेन’. कंजेनिटल म्हणजे जन्मजात. प्रोजेनी म्हणजे संतती: ‘प्रो’ म्हणजे आपला ‘प्र’, ‘जेन’ म्हणजे जन्, झाली प्रजा. शब्द तोच, घर वेगळं. ज्ञा घ्या: रेकग्नाइझ, कॉग्निशन, डायग्नोसिस, आणि इग्नोरंट म्हणजे अज्ञ. नकाराचा ‘अ’सुद्धा इंग्रजीतल्या ‘इन’ आणि ‘अन’चा भाऊच. मृ: मॉर्टॅलिटी, इम्मॉर्टल म्हणजे अमर. वाच्: व्होकल, इव्होक, रिव्होक. दा: डोनर, एंडाउमेंट.

सगळ्यांत चांगलं उदाहरण ‘सबज्युगेट’. ‘सब’ म्हणजे खाली, ‘जुगुम’ म्हणजे जू, बैलांच्या मानेवर असतं तेच. युज्, युग, जू, इंग्रजीतलं ‘योक’, सगळे एका कुळातले. सबज्युगेट म्हणजे जुवाखाली आणणे, अंकित करणे. हा शब्द एकदा असा पाहिला की कार्डाची गरजही उरत नाही.

पण दोन ठिकाणी सांभाळा. नुसत्या आवाजावरून नातं जोडू नका: ‘संत’ आणि ‘सेंट’ यांचा संबंध नाही, एक सत् वरून आला, दुसरा लॅटिन ‘सँक्टस’वरून. दुसरं, ‘इन’ दिसला की नकार असं धरू नका. ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे पेट घेणारा, न पेटणारा नव्हे. ‘इन्व्हॅल्युएबल’मध्ये ‘इन’ नकाराचाच आहे, पण अर्थ टाकाऊ असा नव्हे, तर ज्याचं मोल करता येत नाही असा, म्हणजे अमूल्य. धातू लक्षात ठेवायला वापरा. अर्थ कोशातच पाहा.

जीआरई_बाकावर
परीक्षेपुरतं सांगतो. विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसाम्य (अ‍ॅनॉलॉजी) हे जुने प्रश्नप्रकार २०११ मध्येच जीआरईतून गेले. आता शब्द येतो तो रिकाम्या जागेत, उताऱ्यात, किंवा एकाच जागी बसणारे दोन समानार्थी शब्द निवडायच्या प्रश्नात. म्हणजे सुटा अर्थ पाठ असून भागत नाही, शब्दाचा कल कळावा लागतो: स्तुती की निंदा? ‘फ्रूगल’ काटकसरी, ‘माइझर्ली’ चिक्कू. मराठीत ‘विख्यात’ आणि ‘कुख्यात’ यात गल्लत होत नाही, तशी ‘फेमस’ आणि ‘नटोरिअस’ यातही होता कामा नये. कार्डाच्या कोपऱ्यात अधिक, उणे किंवा शून्य अशी खूण करा. दोन सेकंदांचं काम आहे, पण रिकाम्या जागांत फार उपयोगी पडतं.

आणि मिळतेजुळते शब्द एका दिवशी घेऊ नका. अडॉप्ट-अडॅप्ट, एक्स्प्लिसिट-इम्प्लिसिट, अफेक्ट-इफेक्ट अशी जोडी एकत्र पाठ केली की दोन्ही लक्षात राहतात, पण कोणता कोणाचा हेच कळेनासं होतं. एक पक्का झाला की आठवड्याने दुसरा. वर्णानुक्रमाच्या याद्या याच कारणाने वाईट.

लेखन_तपासणी
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. शब्द वाक्यात बसत नाही, कारण तो मराठी अर्थाला बांधून पाठ केलेला असतो आणि मग मराठी वाक्याचा सांगाडा सोबत घेऊन येतो. आपण ‘विषयाबद्दल चर्चा करतो’, म्हणून हात ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. इंग्रजीत डिस्कसला थेट कर्म लागतं. ‘अबाउट’ लागतं ते ‘डिस्कशन’ या नामाला. तसंच ‘कोप अप विथ’ नाही, ‘कोप विथ’. आणि रिसर्च, इक्विपमेंट, एव्हिडन्स, अ‍ॅडव्हाइस यांना ‘एस’ लावून अनेकवचन करायचं नाही. प्रकल्प अहवालात हीच चूक सर्वांत जास्त दिसते.

म्हणून कोश इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेला हवा, ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स किंवा लाँगमन. लाँगमनमध्ये अर्थ सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच दिलेले असतात. दोन्हींच्या संकेतस्थळांवर कोश फुकट आहे, उच्चारही ऐकू येतो. पाहायचं तीन ठिकाणी: नाम मोजता येतं की नाही, क्रियापदापुढे कोणतं शब्दयोगी येतं, आणि उदाहरणाची वाक्यं. अर्थ शेवटी. शास्त्रीय संज्ञेचा नेमका मराठी शब्द हवा असेल तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा.

लिहिण्याचा सराव: आठवड्यातून एकदा १५० शब्दांचा परिच्छेद, त्यात त्या आठवड्याचे चारच शब्द. जास्त घातले की परिच्छेद शब्द दाखवण्यासाठी लिहिल्यासारखा होतो. दुसऱ्या दिवशी स्वतः तपासा आणि प्रत्येक नव्या शब्दाची सोबत कोशातल्या उदाहरणाशी ताडून पाहा.

हिरवी_वही
सगळ्यांचे आभार. ८ वर आली. दोन शंका राहिल्या. प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘सिग्निफिकंट’ म्हणजे ‘मोठा’ असं लिहिलं तर चालतं काय? आणि उच्चार देवनागरीत लिहून ठेवू का?

लेखन_तपासणी
नाही चालत. संख्याशास्त्रात ‘सिग्निफिकंट डिफरन्स’ म्हणजे नुसत्या योगायोगाने पडायची शक्यता फार कमी असलेला फरक. तो अगदी लहानही असू शकतो. चाचणी लावलेली नसेल तर ‘कन्सिडरेबल’ किंवा ‘मार्क्ड’ लिही.

धातुपाठ
देवनागरीत लिहा, पण जोराच्या अवयवाखाली रेघ मारा, कारण मराठीत असा जोर नसल्यामुळे लिपी तो दाखवत नाही. फोटोग्राफमध्ये पहिल्यावर, फोटोग्राफीत दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. -इक, -इटी, -शन हे शेवट असले की जोर बहुधा त्यांच्या लगेच आधीच्या अवयवावर पडतो: इकॉनॉमिक, इलेक्ट्रिसिटी. अपवाद आहेत, ‘पॉलिटिक्स’चा जोर पहिल्यावर. ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठाला लावा, ‘डब्ल्यू’साठी ओठ गोल करा आणि दात लावू नका. मराठी ‘व’ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, म्हणून ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ आपल्या तोंडी एकच होतात.

हिरवी_वही
पहिलं कार्ड केलं, तपासून द्या. पुढे: ‘द नेम नागपूर इज डी______ ऑफ द नाग रिव्हर.’ मागे: डिराइव्ह्ड. अर्थ: पासून आलेला, व्युत्पन्न.

कार्डांचा_डबा
वाक्य छान निवडलं. ‘ऑफ’ काढा, ‘फ्रॉम’ हवं. मराठीतला ‘नाग नदीचं नाव’ मनात राहिला की ‘ऑफ’ येतो. आता रिकामी जागा दोन शब्दांची करा, म्हणजे ‘फ्रॉम’सुद्धा दरवेळी आठवावा लागेल. मागच्या बाजूला अजून एक ओळ: ‘डिराइव्ह अ‍ॅन इक्वेशन फ्रॉम...’, भौतिकशास्त्राच्या पेपरात हाच वापर येतो. बाकी ठीक. पहिल्या कप्प्यात टाका.