ड्राय मॅक्युलर डिजनरेशन: घरी तपासायची जाळी

मॅक्युलर डिजनरेशन म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची झीज; तिचे दोन प्रकार, ड्राय (कोरडा) आणि वेट (ओला). 'ड्रायवर इलाज नाही, मग सारखं तपासून काय उपयोग' असं काही जण विचारतात. उपयोग आहे. ड्रायचं वेट होतं तेव्हा पडद्याखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवून पाझरतात, आणि त्यावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत. ती लागू पडतात लवकर दिली तर. एकदा व्रण धरला की गेलेली नजर सहसा येत नाही.

हिंगोली-परभणीच्या खेड्यातून दर आठवड्याला तपासणीसाठी संभाजीनगर गाठणं कुणाला जमणार? म्हणून घरीच जाळी करायची: कागदावर १० सेंमीचा चौकोन, आत ५ मिमीच्या चौकटी, मधोमध ठळक टिंब. वाचायचा चष्मा लावून कागद ३० सेंमीवर धरायचा, एक डोळा झाकायचा, नजर टिंबावरच. रेघ वाकली, चौकट पुसट झाली, डाग दिसला, तर दोन-चार दिवसांत रेटिना (डोळ्याचा पडदा) तज्ज्ञाकडे जाऊन ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारी तपासणी, करायची. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघणं फुकट, कारण चांगला डोळा दुसऱ्याची खोट झाकतो. बरेच जण इथंच फसतात, नाहीतर 'मोतीबिंदू असेल' म्हणून पुढच्या शिबिराची वाट बघत बसतात. मोतीबिंदूनं धूसर दिसतं, दाराची चौकट वाकडी दिसत नाही.