पदकाची कड आधी वाचा

मेहकरजवळच्या गावातल्या पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक सापडलं, पण ‘११७ मराठा’ पलटण कुठेच मिळत नाही, असं एकानं विचारलंय. मिळणार नाहीच, कारण १९२२ मध्ये पलटणींचे क्रमांक बदलले. ११७ मराठाची ५/५ मराठा लाइट इन्फंट्री (म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पाचवी बटालियन) झाली, १०३ ची १/५, ११० ची ३/५. १९२२ आधीच्या कागदांत जुना आकडा शोधा, नंतरच्यांत नवा.

पदक पितांबरीनं घासू नका, हात जोडून सांगतो! कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण इंग्रजीत ठोकलेली असते, ती झिजली की माहिती कायमची गेली. अंधारात कडेला टॉर्च आडवा धरा, अक्षरं उठून दिसतात. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ हे पदक चांदीचं असेल तर बहुधा शिपाई, काशाचं असेल तर मजूर तुकडी किंवा बिनलढाऊ नोकर; मग पलटणीच्या यादीत नाव सापडत नाही.

युद्धडायरीत, म्हणजे पलटणीच्या युद्धातल्या रोजनिशीत, पणजोबांचं नाव शोधत बसू नका. तिथं अधिकारी नावानिशी असतात, शिपाई नुसत्या आकड्यांत: इतके ठार, इतके जखमी. तारखा मात्र पक्क्या. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी कूतच्या (आताच्या इराकमधल्या) वेढ्यात होत्या, २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांपुढे शरणागती झाली आणि शरण गेलेले कैदी झाले. म्हणून घरी त्यानंतरचं पत्र असेल तर ते कुठून आलंय, हे आधी पाहा.